पंखांची परीक्षा

२३ मे १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचजवळच्या एका गवताळ टेकडीवर काही तरुण मंडळी चमत्कारिक सामान घेऊन जमली होती. बांबूच्या काठ्या, प्लॅस्टिकचे कापड, चिकटपट्ट्या आणि तारा यांतून अनेकांनी घरच्या घरी पंख तयार केले होते. पंखाखालच्या दांड्या बगलेत धरून उतारावरून धावत सुटायचे आणि पाय जमिनीवरून सुटले की जमेल तितके तरंगायचे, एवढाच बेत होता. बहुतेक उड्डाणे काही सेकंदांत आटोपली. तरीही हँग ग्लायडिंगच्या आधुनिक स्पर्धांचा इतिहास सांगताना याच दिवसापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १२३ वर्षांपूर्वी याच तारखेला, उत्तर जर्मनीतील एका लहानशा गावात, ओटो लिलिएन्टाल या माणसाचा जन्म झाला होता.

लिलिएन्टाल हे नाव शाळेच्या पुस्तकात राइट बंधूंच्या आधीच्या परिच्छेदात येते आणि विमान उडण्याआधी ज्यांनी प्राण गमावले त्यांच्यापैकी एक अशी त्यांची ओळख तिथेच संपते. त्यामुळे पंख बांधून टेकडीवरून उड्या मारणारा एक धाडसी, किंचित वेडा गृहस्थ असे चित्र मनात तयार होते. ते चित्र चुकीचे आहे. लिलिएन्टाल हे कारखानदार होते, पेशाने यंत्र अभियंते होते आणि प्रत्येक आकडा दोनदा तपासल्याखेरीज कागदावर न मांडणारे गृहस्थ होते. आज हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. उडणारा पुरेसा तयार झाला आहे का, आणि त्याचा ग्लायडर आकाशात सोडण्याजोगा आहे का? हे दोन्ही प्रश्न ज्याने प्रथम गांभीर्याने घेतले, असा माणूस म्हणून लिलिएन्टाल यांच्याकडे पाहायला हवे.

त्यांचा जन्म १८४८ चा, पोमेरानिया प्रांतातल्या आंकलाम या गावचा. वडील कापडाचे व्यापारी होते, पण त्यांचे लक्ष धंद्यापेक्षा यंत्रे आणि गणित यांत अधिक रमे. आई संगीताचे शिक्षण घेतलेली. घरात आठ मुले जन्मली, त्यांतली तीनच जगली. ओटो, त्याच्याहून दीड वर्षाने धाकटा गुस्टाफ आणि बहीण मारी. कुटुंब अमेरिकेला जाऊन स्थायिक होण्याच्या विचारात असतानाच, १८६१ मध्ये, वडिलांचे निधन झाले. अमेरिका राहिली ती राहिलीच आणि तीन मुलांना वाढवण्याचा भार एकट्या आईवर पडला.

गावाभोवती पेने नदीच्या काठची सपाट, ओलसर कुरणे होती आणि त्यांत करकोचे उतरत. करकोचा हा मोठा, जड अंगाचा पक्षी. उडण्याआधी तो वाऱ्याकडे तोंड करून धावतो आणि मगच वर उठतो. दोघे भाऊ तासन् तास हे पाहत बसत. वाऱ्याच्या दिशेने पळणाऱ्या पक्ष्याला वर उठायला अधिक जागा लागते, वाऱ्यासमोर धावणाऱ्याला कमी, हे निरीक्षण त्यांनी त्या वयात केले. आजही हँग ग्लायडिंग शिकणाऱ्याला पहिल्या तासाला हेच शिकवतात. लाकडाच्या पातळ फळ्यांचे पंख हातांना बांधून टेकाडावरून धावण्याचा पहिला प्रयोगही याच काळातला. शाळेतली मुले हसतील या धास्तीने तो रात्री केला गेला. त्यातून उड्डाण काही झाले नाही, पण भावंडांची जोडी मात्र जमली ती कायमची.

पुढे ओटो पॉट्सडॅमच्या तांत्रिक शाळेत गेले, तिथून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले, बर्लिनच्या श्वार्ट्झकॉफ यंत्र कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकले आणि मग तिथल्याच तंत्र अकादमीत दाखल झाले. याच वर्षांत दोघा भावांनी पायांच्या बळावर हलणारे पंखांचे एक यंत्र बांधले. ते तुळईवरून दोराने टांगले, दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधले आणि माणसासह यंत्राच्या एकूण भारापैकी किती भार पंख फडफडवून उचलता येतो ते मोजले. उत्तर आले साधारण निम्मा, म्हणजे ऐंशीपैकी चाळीस किलो. दुसरा कोणी निराश झाला असता. लिलिएन्टाल यांनी यातून एवढेच घेतले की नुसत्या स्नायूंच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मग पक्षी पंख न हलवता तरंगतो तो कशाच्या जोरावर, याचा शोध आधी घ्यायला हवा.

मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध आले. पॅरिसच्या वेढ्यात ते सैनिक म्हणून होते. परतल्यावर बर्लिनमध्ये यंत्र आराखड्यांची नोकरी धरली. कामानिमित्त सॅक्सनीतल्या खाणींच्या भागात जाणे होई. खाणीत दगड कापण्याचे एक यंत्र त्यांनी तयार केले आणि तिथल्याच एका खाणकामगाराची मुलगी, आग्नेस फिशर, हिच्याशी १८७८ मध्ये विवाह केला. त्यांना चार मुले झाली. संसार चालवण्यासाठी दोघा भावांनी नाना उद्योग केले. त्यातला एक फार गमतीचा आहे. वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांपासून मुलांसाठी रंगीत दगडी ठोकळे बनवण्याची कृती त्यांनी शोधून काढली. धंदा जमला नाही म्हणून ती कृती त्यांनी फ्रीडरिश रिख्टर या उद्योजकाला थोडक्या पैशांत विकली आणि त्या माणसाने अँकर या नावाने ते ठोकळे जगभर खपवून मोठी संपत्ती कमावली. ओटो यांच्या पदरी त्यातले फारसे काही पडले नाही. त्यांना सावरले ते वाफेने. नागमोडी नळ्यांचा एक सुटसुटीत आणि सुरक्षित बॉयलर त्यांनी बनवला, त्याचे पेटंट घेतले आणि १८८३ मध्ये बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. लहान कार्यशाळांना परवडतील अशी छोटी वाफेची इंजिने तिथे तयार होत.

बॉयलर हा उड्डाणाच्या गोष्टीत सहज वगळला जाणारा तपशील आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. त्या काळी बॉयलर फुटून माणसे मरत. ज्याचे पोट न फुटणारा बॉयलर विकण्यावर चालते, त्याच्या अंगी सुरक्षिततेचा विचार मुरलेला असतो. कारखान्याविषयीची आणखी एक गोष्ट. १८९० मध्ये लिलिएन्टाल यांनी निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा कामगारांमध्ये वाटण्याची पद्धत सुरू केली. बर्लिनच्या पूर्व भागातल्या एका नाट्यगृहात त्यांनी पैसा घातला, तिथे गरिबांना परवडेल असे तिकीट ठेवले, स्वतः लहानसहान भूमिका केल्या आणि एक नाटकही लिहिले. उड्डाणामुळे देशांच्या सीमा पुसल्या जातील आणि युद्धे अशक्य होतील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढच्या शतकाने ही समजूत किती क्रूरपणे खोटी ठरवली ते आपण जाणतोच.

दिवसा कारखाना आणि फावल्या वेळात हवा, असा हा संसार. जर्मनीतले विख्यात शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८७३ मध्ये माणूस स्वतःच्या स्नायूंच्या बळावर उडण्याची शक्यता जवळपास नाही, असे मत मांडले होते. त्याच सुमारास लिलिएन्टाल बंधू एका फिरत्या दांड्याच्या टोकाला निरनिराळे पृष्ठभाग बसवून त्यांवर हवेचा किती जोर येतो, हे मोजत होते. कधी सपाट फळी, कधी किंचित बाक दिलेली. मोजमापांतून एक गोष्ट स्वच्छ दिसली. पक्ष्याच्या पंखासारखा वरच्या अंगाने फुगीर बाक दिला तर पंख सपाट फळीपेक्षा कितीतरी अधिक भार उचलतो आणि पुढे जाताना त्याला होणारा अडथळा मात्र तुलनेने कमी राहतो. हे निष्कर्ष त्यांनी लगेच छापले नाहीत. गुस्टाफ मधल्या काळात ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आले, कारखाना स्थिरावला, लिख्टरफेल्डे या उपनगरात घर झाले, अंगणात करकोच्यांची पिले पाळून झाली आणि मग १८८९ मध्ये, पहिल्या मोजमापांनंतर पंधरा वर्षांनी, पुस्तक निघाले. पक्ष्यांचे उड्डाण हाच उड्डाणकलेचा पाया, असे त्याच्या नावातच म्हटले होते. एक हजार प्रती लिलिएन्टाल यांनी स्वतःच्या खर्चाने छापल्या. त्यांच्या हयातीत त्यातल्या तीनशेही खपल्या नाहीत.

पुस्तक लिहून थांबले असते तर ते आणखी एक सिद्धान्तकार ठरले असते. वयाची चाळिशी उलटलेल्या या कारखानदाराने आता स्वतः शिकायचे ठरवले आणि ज्या क्रमाने शिकले तो क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम घराच्या बागेत एक फळी मांडली, जेमतेम मीटरभर उंचीची. पंख घेऊन तिच्यावरून उडी मारायची, उतरायचे, परत चढायचे. ही उंची हळूहळू दोन मीटरपर्यंत नेली. पंख अंगावर कसा ओढतो, वाऱ्याची झुळूक एका बाजूने आली की काय होते, हे शरीराला कळेपर्यंत मोकळ्या मैदानात जायचे नाही, असा शिरस्ता. १८९१ मध्ये पॉट्सडॅमच्या पलीकडे डेरविट्झ गावाजवळच्या एका टेकाडावरून त्यांनी पहिली खरी उड्डाणे केली. अंतर होते पंचवीस मीटरच्या आसपास. एखाद्या शाळेच्या पटांगणात मावेल एवढे. पण माणूस हवेपेक्षा जड अशा पंखावर, पुन्हा पुन्हा आणि आपल्या इच्छेने, तरंगत खाली येत होता आणि त्याची छायाचित्रे निघत होती.

पुढच्या वर्षी बर्लिनजवळची एक खडीची खाण, त्याच्या पुढच्या वर्षी श्टेग्लिट्झची माईहोहे टेकडी, आणि मग ऱ्हिनोच्या उघड्या, गवताळ डोंगररांगा. तिथे उड्डाणे अडीचशे मीटरपर्यंत पोचली. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा थोडीच उंच. बर्लिनजवळ मनासारखी टेकडी मिळेना तेव्हा १८९४ मध्ये लिख्टरफेल्डेच्या एका वीटभट्टीशेजारी, खाणीतून निघालेल्या मातीची पंधरा मीटर उंचीची शंकूच्या आकाराची टेकडीच त्यांनी रचून घेतली. शंकू अशासाठी, की वारा कुठूनही येवो, त्याच्यासमोर धावायला उतार मिळावा. माथ्यावर ग्लायडर ठेवायची खोली होती आणि तिचे छप्पर हाच उड्डाणाचा ओटा. रविवारी बर्लिनकर मंडळी तिथे सहकुटुंब येऊन बघत उभी राहत. आपल्याकडे कामशेतच्या परिसरात पॅराग्लायडिंग शिकायला जाणाऱ्यांना पहिले काही दिवस बुटक्या उतारावरच धावायला लावतात आणि त्याचा अनेकांना कंटाळा येतो. त्या कंटाळ्याचे मूळ या मातीच्या ढिगाऱ्यात आहे.

त्यांचा ग्लायडर कसा होता? विलोच्या लवचिक काठ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले मेणावलेले सुती कापड, मागे शेपटीसारखे एक उभे आणि एक आडवे पृष्ठ. सर्वांत यशस्वी नमुन्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ६.७ मीटर, क्षेत्रफळ तेरा चौरस मीटर आणि वजन वीस किलोच्या घरात. वटवाघळासारखे पंख मिटवता येत, त्यामुळे तो दारातून आत नेता येई आणि गाडीवर लादता येई. या रचनेचे पेटंट त्यांनी जर्मनीत आणि अमेरिकेतही घेतले. उडणारा मधल्या चौकटीत उभा राही, दोन्ही हात कोपरापासून गादी लावलेल्या आधारांत अडकवी आणि धावत सुटे. हवेत गेल्यावर सुकाणू नाही, दांडा नाही. पाय ज्या बाजूला झोकावे त्या बाजूला तोल जाई आणि पंख तिकडे वळे. पुढे झोकले की नाक खाली, वेग अधिक. मागे घेतले की नाक वर, वेग कमी. उतरताना नेमके हेच करून, वेग मारून, ते अलगद पावलांवर उभे राहत.

या पद्धतीतच त्यांच्या ग्लायडरचे दुबळे अंग होते. हात आणि छाती चौकटीत जखडलेली असल्याने हलवायला उरत ते कमरेखालचे शरीर. माणसाच्या वजनातला लहानसा भागच कामी येई. मंद वाऱ्यात तेवढे पुरे, झोताच्या वाऱ्यात अपुरे. १८९४ मध्ये याचा प्रत्यय आला. उड्डाणात हात थकले, शरीर मागे गेले आणि पुढे ओढून घेता येईना. ग्लायडरचे नाक वर उठले, वेग संपला आणि मग यंत्र डोके खाली करून थेट जमिनीकडे झेपावले. त्यांनी चौकटीच्या पुढे विलोची एक कमान धक्का झेलण्यासाठी बसवली होती. ती चक्काचूर झाली आणि लिलिएन्टाल किरकोळ जखमांवर बचावले. अपघाताची हकीकत त्यांनी लपवली नाही, कारणांसकट छापली. त्यानंतर एकावर एक असे दोन पंख असलेले ग्लायडर बनवून पाहिले, कारण आखूड पंख तोलाला लवकर दाद देतो. पंखाला पीळ देण्याच्या, शेपटी हलवण्याच्या युक्त्याही तपासल्या. पण दुसरीकडे बरीच शक्ती फडफडणाऱ्या पंखांच्या यंत्रावर खर्च झाली. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या मोटरने पंखांची टोके हलवायची, असा तो घाट. पक्ष्यावरचे प्रेम इथे त्यांना आडवाटेला घेऊन गेले, असे म्हणावे लागते. त्याच दिवसांत तोल आणि नियंत्रण यांचा प्रश्न तडीस नेला असता तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

१८९४ पासून हा ग्लायडर विकायलाही होता. किंमत पाचशे मार्क, त्या काळी लहान रक्कम नव्हे. एकच नमुना ठरवून त्याच्या अनेक प्रती बनवणे आणि विकणे, हे उडणाऱ्या यंत्राच्या बाबतीत जगात प्रथमच घडत होते. निदान नऊ ग्राहकांची नोंद आहे. त्यांत मॉस्कोचे प्राध्यापक झुकोव्स्की होते, अमेरिकन वृत्तपत्रसम्राट हर्स्ट होते, ब्रिटनचे तरुण अभियंते पर्सी पिल्चर होते. विकणारा स्वतः बॉयलरवाला असल्यामुळे ग्राहकाच्या हाती यंत्र देऊन मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सौम्य उतार निवडा, मंद वारा असेल तेव्हाच सुरुवात करा, उंची वाढवायची घाई करू नका, हे ते आपल्या लेखांतून सतत बजावत राहिले. पिल्चर तर दोनदा जर्मनीत येऊन त्यांच्याच टेकडीवर शिकून गेले. ओटोमार आन्शुट्झ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी टिपलेली उड्डाणे मासिकांतून जगभर पोचली आणि माणूस उडू शकतो, ही गोष्ट लोकांना आपल्या डोळ्यांनी दिसली. एकंदर उड्डाणे दोन हजारांच्या घरात भरतात, तरी हवेत घालवलेला सगळा वेळ जमेस धरला तर तो पाचेक तासांपलीकडे जात नाही. उड्डाणाच्या पहिल्या आचार्यांची सगळी साधना पाच तासांची!

ऑगस्ट १८९६ च्या पहिल्या रविवारी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी ऱ्हिनोच्या डोंगरांत त्यांची छायाचित्रे काढली. पुढचा रविवार ९ तारखेचा. लिलिएन्टाल आपले मदतनीस पाउल बायलिश यांच्यासह श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबेर्ग डोंगरावर गेले. हवा छान होती, ऊन होते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उबदार हवेचे लोट उठत होते. आजचा ग्लायडरवाला अशा लोटांच्या शोधात असतो, कारण त्यांत गोल घिरट्या घेत तो उंची मिळवतो. लिलिएन्टाल यांच्यासाठी ते अजून अनोळखी होते. आधीची उड्डाणे व्यवस्थित पार पडली होती. मग एका उड्डाणात झोताने ग्लायडर वर उचलला गेला आणि हवेत जणू थबकला. बायलिश यांनी खालून पाहिले की मालक नाक खाली आणण्यासाठी पाय जोराने पुढे झोकत आहेत. ते पुरेसे ठरले नाही. सुमारे पंधरा मीटरवरून यंत्र कोसळले. दोन वर्षांपूर्वीचाच क्रम होता, या वेळी शेवट निराळा झाला.

त्यांना शुद्ध होती, पण पायांत संवेदना नव्हती. गाडीतून गावातल्या खाणावळीत नेले, डॉक्टर आला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने बर्लिनला आणले. मानेचा मणका मोडला होता. विख्यात शल्यविशारद बेर्गमान यांच्या रुग्णालयात १० ऑगस्टला त्यांनी प्राण सोडला. वय अठ्ठेचाळीस. त्यांच्या समाधीवर पुढे बलिदानाविषयीचे एक वाक्य कोरण्यात आले आणि ते त्यांचे अखेरचे शब्द म्हणून सांगितले जाते. ते खरोखर उच्चारले गेल्याचा भरवसा नाही. इतक्या सावधपणे पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या तोंडी ते वाक्य शोभतही नाही. बलिदानाचा गौरव त्यांना नव्हे, पुढे त्यांचे पुतळे उभारणाऱ्यांना हवा होता.

मृत्यूची बातमी जगभर छापून आली. ओहायोतील डेटन गावी राइट बंधूंनी ती वाचली आणि त्यांचे जुने कुतूहल पुन्हा जागे झाले. पुढे त्यांनी आपले पहिले ग्लायडर लिलिएन्टाल यांच्या आकड्यांवरूनच आखले, त्यात तफावत आढळली तेव्हा १९०१ मध्ये स्वतःची वाऱ्याची पेटी बांधून नव्याने मोजले, आणि मुख्य म्हणजे शरीर झोकण्याचा मार्ग सोडून पंखालाच पीळ देऊन तोल सांभाळायचे ठरवले. शिकागोचे वयोवृद्ध अभियंते ऑक्टेव्ह शानूट यांनी त्याच १८९६ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या वाळूवर लिलिएन्टाल पद्धतीचा ग्लायडर तपासून तो धोकादायक म्हणून बाजूला ठेवला होता. पिल्चर मात्र त्याच वाटेने चालत राहिले. १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रदर्शनी उड्डाणात त्यांच्या ग्लायडरची शेपटी मोडली आणि दोन दिवसांनी त्यांचाही अंत झाला.

स्पर्धा आली ती पहिल्या महायुद्धानंतर. तहाच्या अटींनी जर्मनीत इंजिनच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा तरुण मुले इंजिनाविना उडायला ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे या उघड्या माथ्यावर जमू लागली. १९२० मध्ये ओस्कार उर्सिनुस यांच्या पुढाकाराने तिथे पहिली ग्लायडिंग स्पर्धा झाली. न्यूरेम्बर्गचे विली पेल्झनर थेट लिलिएन्टाल यांच्यासारखे हातांवर लोंबकळत उडणारे होते. याच स्पर्धेत ओयगेन फॉन ल्योस्ल या वैमानिकाचा ग्लायडर हवेत मोडून मृत्यू झाला. आपापल्या घरी बांधलेले यंत्र कुणीही आणावे आणि उडवावे, ही मोकळीक किती महाग पडते ते पहिल्याच वर्षी दिसले.

लटकून उडण्याची कला त्यानंतर मागे पडली आणि चार दशकांनी परतली. अमेरिकेतल्या फ्रान्सिस रोगालो यांनी १९४८ मध्ये कापडाच्या लवचिक पंखाची कल्पना काढली आणि ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन येथे जॉन डिकन्सन यांनी १९६३ मध्ये त्या पंखाखाली त्रिकोणी दांडा बसवून उडणाऱ्याला एका बिंदूवर पट्ट्याने टांगले. श्रेय कुणाचे किती, यावर वाद आहेत, ते इथे नकोत. महत्त्वाचे हे की आता सगळेच शरीर झोक्यासारखे मोकळे झाले. हातांनी दांडा ढकलायचा किंवा ओढायचा, की संपूर्ण वजन पंखाखाली हवे तिकडे सरकते. लिलिएन्टाल यांचे पाय जे करू शकले नाहीत ते एका पट्ट्याने साधले. १९७१ ची ती वाढदिवसाची मेजवानी याच उत्साहाच्या लाटेतली. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, ऑस्ट्रियातील क्योसेन येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. मधली वर्षे मात्र रक्तरंजित होती. बाग-अंगणांत बांधलेले पंख झेप घेताना नाक खाली करून पालथे होत आणि परत वर येत नसत. त्यातूनच अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील संघटनांनी ग्लायडर तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आणली. ग्लायडर गाडीवर बसवून वेगाने पळवायचा आणि नाक खाली असताना तो आपोआप वर येऊ पाहतो की नाही, हे मोजायचे.

आज पहिल्या वर्गाच्या स्पर्धेत उतरणारा ग्लायडर पायांनी धावत उचलता आणि वारा नसतानाही उतरवता आला पाहिजे, आणि त्याचा मुख्य ताबा केवळ शरीराच्या वजनाने असला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. पंखांवर हलती पृष्ठे असलेल्या ताठ ग्लायडरांचा वर्ग वेगळा. नवख्यांसाठी, पंखाच्या वर खांब आणि तारा असलेल्या सौम्य ग्लायडरांची स्वतंत्र श्रेणी अनेक ठिकाणी असते आणि सुरुवात तिथूनच करावी हे बरे. कारण वरच्या श्रेणीचा ग्लायडर मीटरभर उंची गमावून पंधराएक मीटर पुढे जातो (लिलिएन्टाल यांचा तीन-चार मीटर जाई) आणि तेवढाच तो चुकांना कमी माफ करतो. या ग्लायडरांच्या पंखांत टोकांजवळ स्प्रॉग नावाच्या दांड्या असतात. एरवी त्या कापडाला स्पर्शही करत नाहीत, पण ग्लायडर नाक खाली घालून कोसळू लागला की पंखाची मागची कड त्या वर धरून ठेवतात आणि तो सावरतो. त्या थोड्या खाली केल्या तर वेग वाढतो. त्यामुळे मोठ्या स्पर्धांत पंच मोजपट्टी आणि कोनमापक घेऊन गवतावर बसतात आणि प्रत्येकाच्या दांड्यांचा कोन तपासतात. कोन नियमात बसला नाही तर तो ग्लायडर अपात्र. शर्यत जिंकण्याच्या भरात माणूस जगण्याची सोय थोडीशी काढून ठेवतो, हे संघटकांना ठाऊक असते.

लिलिएन्टाल यांच्या स्वतःच्या ग्लायडरची परीक्षा व्हायला एकशे वीस वर्षे जावी लागली. २०१६ मध्ये जर्मन एरोस्पेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी आंकलामच्या संग्रहालयात बनवलेली त्याची पूर्णाकृती प्रतिकृती मोठ्या वातबोगद्यात ठेवून मोजली. यंत्र आपल्या मर्यादेत स्थिर आहे, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना तोल धरते, असा निष्कर्ष निघाला. पाचशे मार्कांना विकलेला माल फसवा नव्हता. मर्यादेपलीकडच्या वाऱ्यात गेल्यावर मात्र सावरायला हाती काही उरत नव्हते. १८९३ मध्ये अडीचशे मीटर ही कमाल होती. २०१२ मध्ये टेक्सासमध्ये एका हँग ग्लायडरने एका दिवसात ७६४ किलोमीटर अंतर कापले, तेही उन्हाने उठवलेल्या त्याच उबदार लोटांच्या आधाराने.

श्टोल्नच्या गोलेनबेर्गखाली आज एक भलेमोठे प्रवासी विमान उभे आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडण्याच्या काही दिवस आधी, पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचे निवृत्त इल्यूशिन-६२ तिथल्या आखूड गवताळ पट्टीवर उतरवण्यात आले, ते परत न उडण्यासाठी. लिलिएन्टाल यांचे स्मारक म्हणून ते तिथे ठेवले आहे आणि त्यात आता लग्नेही लागतात. विमानाला नाव मात्र ओटो यांचे दिलेले नाही. खाणकामगाराच्या घरातून आलेल्या, चार मुलांना घेऊन मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीवरून त्याचे नाव लेडी आग्नेस असे ठेवले आहे.